व्यसनी मनुष्य स्वतंत्र आहे काय?



भिंगारच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांतून घरभेटीस हिंडणाऱ्या उपदेशकास दारूबाज मनुष्याविषयी दोन वाक्ये नेहमी ऐकावी लागतात. एक असे की, "तो मुद्दाम पितो, त्याला सोडायचीच नाही." दुसरे असे की, "आता त्याच्या हातात काही राहिले नाही." विशेष हे की, पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून निघतात. रात्री मार खाल्लेली बायको पहिले वाक्य बोलते, आणि सकाळी त्याच नवऱ्याच्या हातातला चहाचा पेला थरथरताना पाहून तीच दुसरे बोलते.

दोन्ही वाक्ये पुरतेपणी खरी असू शकत नाहीत. तो मुद्दाम पीत असेल, तर त्यास दटावणे, दंड करणे, काही काळ मंडळीच्या सहभागितेबाहेर ठेवणे, हे सर्व योग्य ठरेल. त्याच्या हातात काही उरले नसेल, तर त्यास दटावणे म्हणजे हिवतापाने कुडकुडणाऱ्यास "कुडकुडतोस का?" म्हणून चापट मारण्यासारखे होय. आपण बहुधा आज हे आणि उद्या ते करतो, म्हणून आपली शिक्षाही त्यास लागू पडत नाही आणि दयाही पोहोचत नाही. प्रश्न असा आहे की, व्यसनी मनुष्याची इच्छा त्याची स्वतःची असते की नसते? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. कोणत्या घरी उद्या काय बोलावयाचे, हे त्यावर अवलंबून आहे.

आपल्या भाषेने ह्या प्रश्नाची गाठ एका शब्दातच बांधून ठेवली आहे. 'व्यसन' ह्या संस्कृत शब्दाचा अर्थ दुर्गुण असा होतो, तसाच संकट असाही होतो. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची अठरा व्यसने सांगितली आहेत, दहा कामापासून उपजणारी व आठ क्रोधापासून उपजणारी. त्यांत मद्यपान आहे, जुगार आहे, दिवसा झोपणेही आहे. जे मनुष्य करतो ते, आणि जे मनुष्यावर कोसळते ते, ह्या दोहोंस जुन्या लोकांनी एकच नाव दिले. निष्काळजीपणाने दिले असे मला वाटत नाही.

भिंगारच्या छावणीजवळचा नगरचा भुईकोट किल्ला आपण सर्वांनी निदान बाहेरून पाहिला आहे. शाळेत आपणांस चांदबिबीचे शौर्य शिकवितात. परंतु ज्यांनी त्या किल्ल्यास वेढा घातला त्यांची पुढे काय गत झाली, हे कोणी शिकवीत नाही. १५९५ मध्ये वेढा घालणारा अकबर बादशहाचा पुत्र मुराद १५९९ मध्ये दारूने मेला. त्याचे वय तीस वर्षांचेही नव्हते. १६०० मध्ये ज्याच्या सैन्याने हा किल्ला अखेर जिंकला, तो त्याचा धाकटा भाऊ दानियाल. तोही पाच वर्षांच्या आत बऱ्हाणपुरास दारूनेच मेला. तिसरा भाऊ सलीम, जो पुढे जहांगीर बादशहा झाला, त्याने आपल्या आठवणींत दानियालच्या मरणाची हकीकत लिहून ठेविली आहे. अकबराने ह्या मुलावर पहारे बसविले व दारू त्याच्यापर्यंत पोहोचू नये असा सक्त हुकूम सोडला. तेव्हा दानियालने आपल्या एका गोलंदाजाची मनधरणी करून आपल्या आवडत्या बंदुकीच्या नळीतून तीव्र अर्क आणविला. नळीतील दारूगोळ्याची काजळी आणि लोखंडाचा गंज त्यात मिसळला. तो प्याला आणि अंथरुणास खिळला, तो पुन्हा उठला नाही.

हिंदुस्थानच्या बादशहाचा हुकूम, पहारेकऱ्यांची फौज, आणि तरी दारू आत गेली. आता तिसऱ्या भावाचे पाहा. सलीमलाही तेच रक्त, तोच वाडा, तीच संगत. तारुण्यात शिकारीहून दमून आला असता कोणी म्हणाले की, एक पेला घेतल्यास शीण जाईल, तेथून आरंभ. पुढे दोनदा गाळलेल्या अर्काचे वीस पेले रोज लागू लागले, आणि हात इतके कापू लागले की दुसऱ्याने पेला तोंडास लावावा. मग हकीम हुमाम ह्या वैद्याने त्यास स्पष्ट सांगितले की, असेच चालले तर सहा महिन्यांत उपाय राहणार नाही. सलीमने ते मनावर घेतले आणि सात वर्षांत उतरवीत उतरवीत वीस पेल्यांचे सहा केले. तो निर्व्यसनी झाला असे कोणी समजू नये. पेले घटले तरी अफू सुटली नाही. परंतु भावांच्या जवळजवळ दुप्पट आयुष्य त्यास लाभले.

दानियालला बापाने बांधले, आणि सलीमने वैद्याच्या मदतीने स्वतःस थोडेसे बांधून घेतले. हा भेद पुढे कामास येईल.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले व आपल्या आठवणीतले आहे. पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी हे गाव एके काळी हातभट्टीसाठी प्रसिद्ध होते. तीसांहून अधिक भट्ट्या तेथे लागत. १९७५ मध्ये सैन्यातील नोकरी सोडून श्री. अण्णा हजारे गावी परतले. यादवबाबांच्या देवळात सभा भरली, दारू बंद करण्याचा ठराव झाला, व बहुतेक भट्टीवाल्यांनी आपण होऊन भट्ट्या बंद केल्या. उरलेल्या तरुणांनी बंद पाडल्या. त्यानंतरही जो पिऊन येई त्यास आधी ताकीद मिळे, आणि ताकीद न ऐकल्यास खांबास बांधून फटके मिळत. ही गोष्ट हजाऱ्यांनी कधी लपविली नाही. कडू औषध म्हणून तिचे समर्थनच केले.

ह्या खांबाची कीर्ती दूरवर गेली, आणि पुष्कळ गावांतील तरुणांस वाटते की, आपल्या येथेही एक खांब रोवला म्हणजे काम झाले. मला ह्यात दोन शंका आहेत. पहिली अशी की, राळेगणात खांबाच्या आधी भट्ट्या गेल्या, आणि भट्ट्यांच्या मागोमाग पाणी आले. तो दुष्काळी मुलूख. शेत पिकत नाही म्हणून लोक दारू गाळीत. बांध घातले गेले, पाझर तलाव दुरुस्त झाला, विहिरींस पाणी उतरले, कांदा व दूध विकून घरे चालू लागली. भट्टीवाल्यास दुसरा धंदा मिळाला आणि पिणाऱ्यास संध्याकाळी दुसरे काम मिळाले. फटके तेवढे उचलून नेणारी गावे हा मोठा भाग मागे ठेवून जातात. दुसरी शंका अधिक खोल आहे. ज्यास दुसरे काही करता आले असते, त्यासच फटका मारणे न्यायाचे होते. तेव्हा आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून खांबाविषयी बरेवाईट म्हणता येत नाही.

प्रथम एक समज दूर करू. लोक म्हणतात, दारूच वाईट. ती पोटात गेली की मनुष्य तिचा झाला. भिंगारमध्ये हे मत टिकावयास नको होते. येथे सैन्यातून निवृत्त झालेली कितीतरी घरे आहेत, व त्यांस कॅन्टीनमधून ठराविक रम मिळते. तीच रम, तोच शिक्का. एका घरी बाटली महिनाभर पुरते, दुसऱ्या घरी ती पाहुण्यांसाठी कपाटात धूळ खात पडते, आणि तिसऱ्या घरी एका रात्रीत संपून दुसरीसाठी भांडी विकली जातात. दोष केवळ बाटलीत असता तर तिन्ही घरांची एकच दशा झाली असती.

ह्याविषयी एक फार मोठा अनुभव अमेरिकेस आला. व्हिएतनामच्या युद्धात तिचे सैनिक हेरॉइन घेऊ लागले, आणि १९७१ मध्ये परतणाऱ्या शिपायांची पाहणी ली रॉबिन्स ह्या विदुषीने केली. सुमारे पाचांपैकी एक शिपाई तेथे असताना त्या विषाच्या पूर्ण आहारी गेला होता. सरकारास धास्ती पडली की, आता हे सर्व लोक देशभर पसरून अनर्थ करतील. परंतु घरी परतल्यावर पहिल्या वर्षात अशा वीसांतील एखादाच पुन्हा तसा आहारी गेला. भय, कंटाळा, घरापासूनचा वियोग, आणि हाताशी स्वस्त मिळणारे विष ही चौकट मोडली, तेव्हा बहुतेकांची ओढही मोडली. जे पुन्हा गुंतले, त्यांचे काय? तो लहानसा अंशच आपल्या गावी दारोदार दिसतो. कारण आपला दारूबाज रणांगणावरून घरी परतत नाही. त्याचे घर हेच त्याचे रणांगण असते.

मग कोणास धोका अधिक? वैद्यकशास्त्राने गेल्या पन्नास वर्षांत ह्याचा पुष्कळ शोध केला आहे. रक्ताचा भाग आहेच. दारूच्या आहारी जाण्याच्या प्रवृत्तीचा सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक असतो असे जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून दिसते. डेन्मार्कमध्ये १९७३ साली असे आढळले की, दारूबाज बापाचा मुलगा तान्हेपणीच दुसऱ्या घरी दत्तक गेला, तरी इतर दत्तक मुलांच्या मानाने त्यास तीन ते चारपट धोका राहिला. ह्यावरून कोणी "बापाचेच बी" असे म्हणून मुलास हिणवू नये. त्या मुलांतही बहुसंख्य दारूबाज झाले नाहीत. रक्तातून दारू येत नाही. येतो तो एक विशिष्ट स्वभाव. त्यातला एक प्रकार आपणां खेडुतांनी अवश्य ध्यानात घ्यावा. मार्क शुकिट ह्या अमेरिकन वैद्याने दारूबाजांच्या तरुण पुत्रांची परीक्षा केली, तेव्हा त्यास दिसले की त्यांतील पुष्कळांस सारख्याच मापाने कमी चढते, आणि ज्यांस कमी चढते तेच पुढे अधिक बुडतात. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत ज्या पोराची तारीफ होते की, "गड्याने किती घेतली, पण पाऊल वाकडे पडले नाही," त्याच पोराविषयी सर्वांत अधिक काळजी करावयास हवी. देवाने शरीरात ठेविलेली धोक्याची घंटा त्याच्या ठायी उशिरा वाजते, आणि आपण त्यास पहिलवान समजतो.

वयाचेही असेच. पंधरा वर्षांच्या आत पहिला पेला घेणाऱ्यास, विशीनंतर घेणाऱ्याच्या सुमारे चौपट धोका असतो, असे १९९७ च्या एका अमेरिकन पाहणीत आढळले. परंतु माझ्या मते सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट बालपणाच्या जखमांची आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नऊ हजारांहून अधिक प्रौढांस विचारले गेले: लहानपणी तुम्हांस मारहाण झाली काय, आईला मारताना पाहिले काय, घरात कोणी पिणारे, वेडसर किंवा तुरुंगात गेलेले होते काय? ज्यांच्या वाट्यास अशा चार किंवा अधिक गोष्टी आल्या होत्या, त्यांच्यात दारूचे व्यसन, असे काहीच न भोगलेल्यांच्या सुमारे सातपट आढळले. वाचकहो, दारूबाज बाप रात्री आईला मारीत असता कोपऱ्यात गोधडी तोंडावर ओढून पडलेले मूल आपल्या डोळ्यांपुढे आणा. आपण त्या रात्री बापाची चिंता करतो, पण पुढच्या पिढीतला दारूबाज गोधडीखाली घडत असतो.

अपमान, बेकारी, अचानक हाती आलेला पैसा ह्यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण ती सर्वांस ठाऊक आहेत. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातील सुधाकर वकील काही चैनीखातर प्याला उचलीत नाही. कोर्टात सनद जाऊन मानहानी होते, आणि त्या घडीस तळीराम शेजारी असतो. ऊसतोडीस निघणाऱ्या टोळीतील गड्यास मुकादमाकडून उचल मिळते त्या रात्रीही तळीराम शेजारीच असतो. निवडणुकीच्या दिवसांत तर तळीरामच घरी येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातील पांगरमल येथे निवडणुकीच्या जेवणावळीतील दारूने अनेक माणसे मेली, आणि ती बनावट दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहात तयार झाल्याचे पोलीस तपासात पुढे आले. त्या मेलेल्यांस "मुद्दाम प्याले" म्हणून मोकळे होणाऱ्यास, पाजणाऱ्याची इच्छा किती मुद्दाम होती हेही सांगावे लागेल.

आता आतल्या बाजूस वळू. व्यसन जुने झाले म्हणजे मनात काय होते? मिशिगनच्या रॉबिन्सन व बेरिज ह्या दोन शोधकांनी १९९३ मध्ये एक गोष्ट मांडली, जी आपला गावचा दारूबाज आपल्या भाषेत केव्हाचीच सांगतो आहे. मेंदूत 'आवडणे' आणि 'ओढ लागणे' हे दोन निराळे व्यापार आहेत. आरंभी दोन्ही बरोबर चालतात. पुढे आवड कमी होत जाते, आणि ओढ वाढत जाते. म्हणूनच तो सांगतो की, "आता गोडी राहिली नाही, पण पाय तिकडेच वळतात." आपण ह्यास सबब समजतो, ते खरोखर अचूक वर्णन आहे. आणि ही ओढ सर्व वेळ सारखी नसते. ती ठराविक खुणांनी जागी होते: दिवेलागण, नाक्यावरचे वळण, विशिष्ट मित्राची शीळ, हातात पडलेली मजुरी. सकाळी नऊ वाजता शपथ घेणारा मनुष्य ढोंगी नसतो. त्या घडीस ओढ निजलेली असते, आणि तो जे बोलतो ते मनापासून बोलतो. सायंकाळी सात वाजता तीच शपथ त्याच्या पायांस अडवीत नाही. जे चांगले इच्छितो ते करीत नाही, आणि ज्याचा द्वेष करतो तेच करून बसतो, ही तक्रार प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिताना केली, ती काही दारूबाजाविषयी नव्हे. परंतु दारूबाजाइतका तिचा शब्दन्शब्द कोणास समजत नसेल.

येथे एक सूचना, जी तत्त्वज्ञानाची नसून जीवनमरणाची आहे. जो मनुष्य अनेक वर्षे रोज भरपूर पितो, त्याने प्रार्थनासभेत उठून "आजपासून थेंबही नाही" अशी शपथ घेतली, तर आपणांस आनंद होतो. परंतु अशा शरीरातील दारू एकाएकी तुटल्यास पहिल्या एकदोन दिवसांत कंप व फेफरे येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन भिंतीवर किडे, दारात माणसे दिसू लागतात. घरचे समजतात की भुताने झपाटले, आणि देवऋषाकडे नेतात. आपल्यातील काही जण केवळ प्रार्थनेस बसवितात. ह्या अवस्थेत मनुष्य दगावतो. शपथ घेतल्याच्या दिवशीच त्यास डॉक्टरकडे न्यावे. प्रार्थना बैलगाडीत किंवा मोटारीतही करता येते.

मूळ प्रश्नाकडे परत येतो. ॲरिस्टॉटल ह्या ग्रीक तत्त्ववेत्त्याने ह्यावर एक दृष्टांत दिला आहे. हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही. परंतु तो फेकणे तर तुझ्या हाती होते. तसेच व्यसनी मनुष्य आज स्वतंत्र नसेल, पण आरंभी होता. म्हणून तो जबाबदार. मला हा विचार अर्धा पटतो. पहिला पेला उचलणारा पुष्कळदा बारातेरा वर्षांचा पोर असतो, दगड त्याच्या हाती देणारा चुलता किंवा मामा असतो, आणि त्या दगडाचे वजन कोणास किती पडेल हे त्याच्या रक्तात लिहिलेले असते, जे त्यास वाचता येत नाही. शिवाय मनुष्य म्हणजे दगड नव्हे. दगड वाटेत विचार करीत नाही. दारूबाज रोज सकाळी करतो.

ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात मनाच्या ह्या बंधनाचे कडीला कडी जोडून वर्णन केले आहे: वाकड्या इच्छेतून वासना, वासना पुरविता पुरविता सवय, आणि सवयीस विरोध न केल्याने निरुपाय. त्याच पुस्तकात त्याने आपली आई मोनिका हिची बालपणीची गोष्ट सांगितली आहे. पिंपातून द्राक्षारस काढून आणण्यास तिला पाठवीत. ती प्रथम गंमत म्हणून ओठ भिजवी, मग रोज थोडे अधिक, आणि शेवटी पेलेच्या पेले रिचवू लागली. एके दिवशी भांडणाच्या भरात मोलकरणीने तिला दारूबाज म्हणून हिणविले. तो शब्द वर्मी लागला, आणि तिने ती सवय त्या क्षणी सोडली.

तर मग हिणविणे हाच उपाय, असे कोणी म्हणेल. परंतु सुधाकराचे उदाहरण शेजारी ठेवा. मोनिकेस लाजेने वाचविले. सुधाकरास लाजेनेच प्याल्याकडे ढकलले. एकच औषध एकास उतारा व दुसऱ्यास विष कसे झाले? मला वाटते, मोनिकेची साखळी अजून एकदोन कड्यांचीच होती, आणि तिच्यामागे शाबूत घर होते. ज्यास परतण्यास जागा आहे, त्यास लाज परत आणते. ज्यास जागा नाही, त्यास लाज फक्त दुखते, आणि ते दुखणे बंद करण्याचे औषध त्यास एकच ठाऊक असते. राळेगणच्या खांबापाशी ज्यास गुण आला, त्याच्याभोवती बदललेले गाव उभे होते. असे गाव भोवती नसता बांधलेला मनुष्य सुटल्यावर सरळ गुत्त्यावर जाईल.

माझे उत्तर असे आहे. व्यसनी मनुष्याचे स्वातंत्र्य गेलेले नसते. ते दिवसाच्या काही घटकांपुरते आकसलेले असते. म्हणून ज्या घटकेस ते नाही, त्या घटकेस त्याच्याकडे ते मागू नये. आणि ज्या घटकेस ते आहे, त्या घटकेस मागावयास चुकू नये. गुत्त्याच्या दारात सायंकाळी केलेला उपदेश वाया जातो. सकाळी विचारावे. आणि काय विचारावे? "आज पिणार नाहीस ना?" असे नव्हे; त्याचे उत्तर तो मनापासून देईल आणि त्याचा उपयोग होणार नाही. "सायंकाळी सात वाजता मी तुला कोणत्या रीतीने अडवू? सांग, आणि परवानगी दे," असे विचारावे.

होमर कवीच्या काव्यात युलिसिस राजाची गोष्ट आहे. समुद्रातील मोहिनींचे गाणे ऐकले की खलाशी मरतात, हे ठाऊक असल्याने त्याने आधीच आपल्या माणसांस हुकूम केला की, मला डोलकाठीस बांधा, आणि मी सोडा म्हणालो तर अधिक घट्ट आवळा. खांब तोच, दोर तोच. परंतु राळेगणात गावाने बांधले, दानियालला बापाने बांधले, आणि येथे मनुष्याने शुद्धीवर असताना स्वतःस बांधून घेतले. ह्या शेवटच्या बांधणीत त्याचे स्वातंत्र्य हरत नाही; आपल्या मोकळ्या घटकेची सत्ता तो गुलामीच्या घटकेवर चालवितो. मजुरी आपल्या हाती न देता बायकोच्या हाती द्यावी, असे मालकास त्यानेच सांगावे. बाजारच्या दिवशी दुसऱ्या वाटेने, सोबत्यासह परत यावे. डायसल्फिराम म्हणून एक गोळी आहे. कोपनहेगनच्या दोन शोधकांनी १९४८ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. ती सकाळी घेतली असता त्या दिवशीच काय, पुढील काही दिवसही दारू घेतल्यास जीव घाबरा होतो, मळमळते, छाती धडधडते. ही गोळी म्हणजे डोलकाठीच होय. परंतु ती डॉक्टरच्या सल्ल्यानेच व पूर्ण माहितीनिशी घ्यावयाची. "रुग्णास न कळत दारू सोडवा" अशा जाहिराती पाहून भाकरीत पूड मिसळणाऱ्या बहिणींस मी कळकळीने सांगतो की, तसे करू नका. त्या पुडीत काय आहे हे ठाऊक नसते. आणि त्यात असे औषध असलेच, तर नकळत दारू पिणाऱ्याचा त्यात प्राणही जाईल. शिवाय ती दानियालची बांधणी आहे. बंदुकीची नळी तो शोधून काढील.

ह्या विचारास अनुसरून चाललेली कामे आपल्या प्रांतात आहेत. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट ह्या पतिपत्नींनी मुक्तांगण हे केंद्र सुरू केले. तेथे सुटलेले लोक सुटू पाहणाऱ्यांस हात देतात. १९३५ मध्ये अमेरिकेत अॅक्रन गावी एक दलाल व एक शस्त्रवैद्य, दोघेही दारूबाज, एकमेकांस भेटले, त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही मंडळी उभी राहिली. तिच्या पहिल्याच पायरीस सभासद कबूल करतो की, दारूपुढे माझे चालत नाही. जो म्हणतो "मनात आले तर केव्हाही सोडीन", त्यास अजून कोणाची गरज नाही; आणि "माझे चालत नाही" असे जो चार लोकांत म्हणतो, त्याने पुष्कळ वर्षांत प्रथमच काही स्वतंत्रपणे केलेले असते.

गुत्ता गावात राहू द्यावा की नाही, हेही ह्याच तत्त्वाने ठरते. महाराष्ट्रात स्त्री-मतदारांनी निम्म्याहून अधिक मतांनी 'आडवी बाटली' निवडली, तर परवान्याचे दुकान बंद करता येते. पिणाऱ्यांच्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे, असे काही सुशिक्षित म्हणतात. मी पिणाऱ्यांसच विचारून पाहिले आहे, अर्थात सकाळी. दुकान आपल्या वाटेवरून उठावे असे त्यांतील पुष्कळांस वाटते.

आणि तो पुन्हा प्याला तर? प्यावयाचाच, असे धरून चालावे. एकदोन घसरणींवाचून सुटलेले लोक थोडे. त्या वेळी पंचमंडळीत कोणी म्हणेल की, ह्याची शपथ खोटी होती. ती खोटी नव्हती. बांधणी सैल होती. कोठे सैल होती, कोणत्या वळणावर, कोणाच्या हाकेने, हे त्यासच विचारून नव्याने गाठ मारावी. त्या घरातील गोधडीखालच्या मुलास मात्र त्या रात्रीपुरते शेजारच्या घरी नेण्याची व्यवस्था आधीपासून असावी. त्यास बापाच्या सुधारणेची वाट पाहण्यास सांगणे न्यायाचे नाही.

शेवटी एक विनंती, उपदेशक बंधूंस व बायबल-बहिणींस. राळेगणच्या लोकांनी दारूवरच न थांबता होळीत तंबाखू व विड्याही जाळल्या होत्या. आपल्यांपैकी कितीकांच्या खिशात चंची आहे, आणि किती माउल्या पहाटे मिश्री लावल्यावाचून चुलीकडे वळत नाहीत, हे मी येथे मोजीत नाही. तंबाखूतील निकोटीन मेंदूत ज्या वाटेने ओढ लावते, ती वाट दारूच्या वाटेस जाऊन मिळते. दारूबाजाच्या घरी जावयाचे असेल त्या दिवशी सकाळपासून चंची किंवा मिश्रीची डबी घरी ठेवून निघावे. दुपारी तीनच्या सुमारास जीभ कशी होते, मन कोणकोणत्या सबबी काढते, शेजाऱ्यावर राग कसा येतो, हे कागदावर लिहावे. तो कागद खिशात घालून मग त्याच्या दारी जावे, आणि बोलण्याचा आरंभ त्यावरूनच करावा.